चार नळ्या आणि एक पंखा

"ताई, लगेच या. आई बॅग भरतायत."

वहिनीचा फोन एवढाच. ताईने गॅस बंद केला, चपला अडकवल्या आणि निघाली. उभी हयात विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेलेली बाई. निवृत्तीनंतर पकडायला एक प्लंबर उरला होता, आणि तो काही सापडत नव्हता.

आई पलंगावर बसून कपडे बॅगेत कोंबत होती.

"कुठे निघालीस?"

"जिथे या वयात मला 'आजी, खरं काय ते सांग' असं कुणी विचारणार नाही तिथे."

विचारणारा नातू दाराशी उभा होता, चेहरा पाडून. वंशावळीचं खूळ त्याचंच. आजी, बाबा, आत्या आणि स्वतः, अशा चौघांसाठी त्याने डीएनएचे डबे मागवले होते. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, पाठवून द्यायचं; पूर्वज घरपोच.

पूर्वज राहिले बाजूला. बाबांचा अहवाल त्याने आधी उघडला. आईशी नातं नाही. बहिणीशी नातं नाही. मुलाशी आहे, पण बापाचं नव्हे: काका, मामा किंवा आजोबा, जे सोयीचं वाटेल ते घ्या.

एका थुंकीत दोन बायकांची अब्रू गेली. सासूकडे सगळे तिरक्या नजरेने बघू लागले, आणि सुनेकडे बघेनासे झाले.

"बाकीचे अहवाल?" ताईने विचारलं.

"उघडले नाहीत, आत्या. अजून काय निघेल कोण जाणे!"

ताईचा दादा, म्हणजे नातवाचे बाबा, खिडकीपाशी पेपरमिंट चघळत उभा होता. छातीत दुखून दवाखान्याची वारी झाल्यावर त्याने आईच्या डोक्यावर हात ठेवून सिगारेट सोडली होती. तेव्हापासून पेपरमिंट.

"दादा, तू आईला काय म्हणालास?"

"मी काहीच बोललो नाही, चिमे."

"तेच विचारतेय."

दादाने दुसरी गोळी तोंडात टाकली.

ताईने कंपनीला फोन लावला.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का?"

"आमच्याकडे चूक होत नाही. समाधान झालं असेल तर एक दाबा."

"नसेल तर?"

"नसेल तर मुख्य यादीकडे जाण्यासाठी एक दाबा."

स्वतःचा अहवाल उघडावा तर पासवर्ड आठवेना. कंपनीने तिच्या पाळीव प्राण्याचं नाव विचारलं. ताईने जन्मात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. तिच्या पेशी न् पेशीची माहिती कंपनीकडे होती. ती तीच आहे, एवढ्यावर मात्र विश्वास नव्हता. ओळख पटवून उद्या कळवतो म्हणाले. ताईने फोन आपटला, आईला उद्यापर्यंत थांबवलं आणि स्वयंपाकघर गाठलं.

"वहिनी, हे सगळे नळीत थुंकले त्या दिवशी घरात कोण कोण होतं?"

"आम्हीच. आणि माझा भाऊ. बाथरूमचा पंखा पुन्हा जळला होता ना, तो दुरुस्त करायला आला होता."

"पुन्हा?"

"सारखा जळतो मेला. ह्यांना आत गेलं की तासभर लागतो, पंखा आपला फिरतोय."

"दादा थुंकला कुठे?"

"बाथरूममध्येच. सगळ्यांसमोर लाज वाटते म्हणे."

"भावाला चहा दिलास?"

"केला होता. नको म्हणाला! जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी ताईचा अहवाल उघडला. तिने तो वाचला, कपाळावर हात मारून घेतला आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. वहिनीच्या भावालाही बोलावलं.

"या अहवालात हा पोरगा माझा भाचा आहे," ती म्हणाली. "मला भाऊ एकच. दादा परका असेल, तर हा भाचा काय कुरिअरने आला?"

नातवाचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे हा दादाचाच, आणि दादा आईचाच. परकी होती ती नळीतली थुंकी. ज्याची होती तो माणूस आमच्या रक्ताचा नाही, पण या पोराच्या जवळचा आहे. वहिनी, तुझ्या माहेरचं कोण उरलंय?"

"एवढा भाऊच."

सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. मामाने पंख्यासाठी आणलेली पकड पिशवीत टाकली.

"दाजी म्हणाले, थुंकी ती थुंकी, कुणाची का असेना. अर्धा तास काही खाऊपिऊ नको म्हणाले. मी म्हटलं, बरं."

"कारण डब्यातल्या कागदावर लिहिलं होतं," ताई म्हणाली, "अर्धा तास आधी खायचं नाही, प्यायचं नाही, सिगारेट ओढायची नाही. आणि हे चिरंजीव घरभर सांगत होते की थुंकीतून सगळं कळतं. दादा, अहवालात 'लपून ओढतो' असं छापून येईल म्हणून भ्यायलास ना? पंखा धूर ओढून ओढून मेला रे!"

दादाने पेपरमिंट गिळली. "मला वाटलं, होईल आपोआप शांत."

"चार दिवस," वहिनी म्हणाली, "चार दिवस माझा मुलगा माझ्याकडे बघत नव्हता."

आई उठली. तिने आतून बॅग आणली आणि कपडे एकेक करून बाहेर काढून ठेवले.

"तू ओढतोस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "आईवर बालंट आलं तरी तू गप्प बसतोस, हे आज कळलं."

रिकामी बॅग तिने दादाच्या पुढ्यात ठेवली.

वहिनी त्याचे शर्ट आणायला आत गेली.