उंबऱ्याच्या आत मांडलेली पेज

पटत नसेल तर इथेच थांबा. पण यात माझ्या पदरचं काही नाही. ते ओले ठसे मी या डोळ्यांनी पाहिलेत.

जागा, ह्वे शहर. जुन्या तटाच्या आत, कमळांच्या तळ्याकाठी थुयेन मावशीचं घर. पुढे तिचं बुन बोचं दुकान; बुन बो म्हणजे गवती चहा घातलेला शेवयांचा तिखट रस्सा. मागे एक खोली, माडीवर दोन. खोल्या ती प्रवाशांना देते. मी समोरच राहतो.

दिवस, पाचव्या चांद्रमासातला तेविसावा.

आणि वेळ... रात्रीची नव्हती.

पणज्यांच्या काळात याच तिथीला शहरावर तोफा चालल्या. अंधारात पळताना माणसं खंदकात पडली, तळ्यांत पडली, बुडाली. त्यांना पाणी द्यायला कुणी उरलं नाही. म्हणून त्या दिवशी इथलं प्रत्येक घर फुटपाथवर टेबल मांडतं. पातळ पेज, रताळी, चहा. आणि शेजारी पेटलेली शेगडी.

बुडालेल्या माणसांना थंडी वाजते.

शेगडी हवीच. आणि टेबल उंबऱ्याच्या बाहेरच हवं. घरचे पितर आत जेवतात, बेवारशी बाहेर. हे इथलं शेंबडं पोरही जाणतं.

त्या सकाळी मावशी माडीवरच्या पाहुणीला, सायगावच्या न्हाला, नेहमीचे सल्ले देत होती.

"बुन बो सकाळीच खायचं. संध्याकाळी विकतो तो उरलेलं विकतो. शिंपल्यांचा भात हवा असेल तर नदीतल्या बेटावर जा. आणि राहायचं कधीही गल्लीत, हमरस्त्यावर डोळा लागत नाही."

"आणि तिखट कमी हवं असेल तर, मावशी?"

"तर सायगावला परत जायचं."

न्हा हसत बाहेर पडली आणि खिएम आला. मावशीचा थोरला भाऊ. घर दोघांच्या नावावर. त्याला ते विकायचं होतं, मावशीला मरेपर्यंत तिथेच राहायचं होतं.

"थुयेन, आज शेगडी नको," तो म्हणाला. "कंपनीची माणसं घर बघायला येतायत. दारात धूर, पेज, रताळी... शोभतं का?"

"दादा, आज तेवीस आहे."

"मग आत मांड. शेगडीऐवजी विजेचा दिवा लाव. एवढं ऐक, त्यांना नुसतं बघून जाऊ दे, मग वर्षभर विक्रीचं नाव काढणार नाही. शब्द देतो."

वर्षभराची शांतता! मावशीला मोह पडला. तिनं टेबल उचललं आणि उंबऱ्याच्या आत ठेवलं. उदबत्ती लावली, हात जोडले, नेहमीसारखी हाक मारली.

"या, ज्यांना कुणी नाही ते सगळे या."

हाक तीच होती. पण उभी ती घरात होती.

पंख्याचा वारा बाहेर जात होता. उदबत्तीचा धूर मात्र...

आत वळला.

मागच्या खोलीच्या दाराखालून तो आत गेला. मावशीनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी न्हा खाली आली ती डोळे चोळत.

"मावशी, खालच्या खोलीत कोण उतरलंय?"

"कुणी नाही. का?"

"मग दात कुणाचे वाजत होते?"

बाहेर चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन. मावशीनं मागच्या खोलीचं दार ढकललं.

चिखलाचा वास आला. गादी निथळत होती. आणि फरशीवर पावलं... ओली, अनवाणी, पुरुषांची, बायकांची. एक पाऊल तर तळहाताएवढं.

सगळी आत जाणारी.

बाहेर येणारं एकही नाही.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ती गत झाली होती. न्हा किंचाळली, पिशवी भरून पाठीवर टाकली आणि निघाली. तिची किंचाळी ऐकून मी रस्ता ओलांडून आलो, तोवर खिएमही पोचला होता. हातात विक्रीचे कागद. कालचा शब्द कालच विरला होता.

खोली बघून तो आधी दचकला. मग चक्क हसला.

"बरंच झालं की! आता इथे कुत्रंसुद्धा उतरणार नाही. कर सही, थुयेन."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती होतीच. पण भीतीपेक्षा संताप मोठा झाला.

तिनं शेगडी ओढत फुटपाथवर नेली. कोळसे पेटवले. पेजेचं पातेलं बाहेर ठेवलं. मग मागच्या खोलीच्या दारात कमरेला हात लावून उभी राहिली आणि रिकाम्या खोलीशी बोलू लागली.

"ऐका! आत बोलावलं ही चूक माझी. पण घरही माझंच आहे. इथून मला दादा काढू शकत नाही आणि तुम्हीही नाही."

खोलीत दात वाजायला लागले.

कट् कट् कट्...

"जेवायचंय? बाहेर या. पेज पातळ आहे, बुडताना आवळलेल्या गळ्यातूनही उतरेल. शेकायचंय? कोळसे लाल झालेत. आणि राहायचंच असेल, तर नदीपलीकडे जा. बाजाराच्या मागे उंच इमारत आहे, सगळ्यात वरचा मजला. गाद्या मऊ. माणूस एकटाच राहतो. तुमची शेगडी त्यानंच विझवली."

"थुयेन!" खिएमचा चेहरा पांढरा पडला.

"चला आता. सावकाश जा," मावशी म्हणाली. आणि जन्मभर पाहुण्यांना निरोप देणारी जीभ, सवयीनं पुढचंही बोलून गेली...

"पुन्हा या."

दात वाजायचे थांबले.

फच्... फच्...

फरशीवर ओली पावलं उमटायला लागली. माणूस कुणी नाही, नुसती पावलं. माझ्या पायाशेजारून गेली, उंबरा ओलांडून गेली. बाहेर कोळसे चर्र झाले, वरून कुणीतरी निथळत असल्यासारखे. शेगडीभोवती कोंडाळं उमटलं आणि उन्हात हळूहळू वाळलं.

ते तळहाताएवढं पाऊल सगळ्यात शेवटी वाळलं.

दुसऱ्या सकाळी खिएम आला. त्या उकाड्यात अंगात लोकरीचा कोट, खांद्यावर कोळशाचं पोतं. तो शेगडीला खेटून बसला. दातावर दात आपटत होते.

"विकायचं नाही," एवढंच म्हणाला. मग शेगडीत कोळसे घालत, "थुयेन... त्यांना दुसरा एखादा पत्ता सांग ना."

मावशीला रडू आलं. कितीही झालं तरी सख्खा भाऊ. तिनं त्याच्या दारातही शेगडी पेटवली, पेज ठेवली आणि त्यांना पूर्व वेशीजवळच्या बेवारशांच्या देवळाची वाट सांगितली. त्या वेळी मात्र 'पुन्हा या' तिनं दात आवळून गिळलं.

पण घरी एकदा बोलून गेलेलं कसं गिळणार?

पुढल्या वर्षी टेबल बाहेर होतं, शेगडी बाहेर होती. सगळं रीतीप्रमाणे. तरी सकाळी मागच्या खोलीत ओली पावलं होती. एकाचीच.

तळहाताएवढी.

तेव्हापासून ती खोली वर्षभर भाड्यानं जाते, पण त्या तेविसाव्या दिवशी मावशी ती कुणालाच देत नाही. पलंगावर कोरडा टॉवेल घडी करून ठेवते. सकाळी तो पिळून वाळत घालते.

"मावशी, कुलूप घाला त्या दाराला," मी एकदा म्हणालो. "भीती नाही वाटत?"

"वाटते की!" ती माझ्यावरच उखडली. "पण 'या' म्हणून दार लावणारी मी नव्हे. आणि घाबरायचंच असेल तर माझ्या घरात घाबरेन."

यंदा तिनं टॉवेल ठेवला तेव्हा मी दारातच उभा होतो.

तिनं एक ठेवला. थोडं थांबली. मग त्याच्याशेजारी...

अजून एक ठेवला, मोठा.

"पोर यंदा आईला घेऊन आलं तर?" ती म्हणाली.