साठवून ठेवलेलं इंटरनेट

"मला महिनाभर गोणपाटाखाली ठेवायचं, आणि उठवल्या उठवल्या विचारायचं, किती साठलं," काजवा पुटपुटला. आवाज इतका बारीक, की त्याच्या पाठीवरची धूळ पुसणाऱ्या गोदालाच तो ऐकू आला.

काजवा म्हणजे आंबेखिंडीच्या शाळेचा यंत्रमानव. शिकवणाऱ्या बाई शहरातून त्याच्या पडद्यावर यायच्या, तेही नेटच्या मर्जीने. आधी त्यांचं तोंड हलायचं, शब्द मागाहून यायचे.

घाट चढवून गावात इंटरनेटची काचेची तार आणायची की नाही, हे कंपनी मे महिन्याचा वापर पाहून ठरवणार होती. तार नाही आली तर शाळा बंद, आणि गोदाची रवानगी पुण्याला आत्याकडे. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं.

गोदाचे आबा जन्मभर कालव्यावर पाटकरी (शेताशेताला पाण्याची पाळी लावून देणारे) होते. त्यांनी बावीसही घरांना बजावलं, की महिनाभर कुणी नेट उघडायचं नाही. साठू द्या, शेवटच्या दिवशी धो धो सोडू, कंपनीचे डोळे पांढरे होतील. काजव्याला त्यांनी सर्वांत आधी बंद केलं, खादाड म्हणून. गावाने ऐकलं. पवारांच्या सुनेने तर बोटीवरच्या नवऱ्याचं तोंडही महिनाभर पाहिलं नाही.

आज सकाळी कंपनीचं पत्र आलं होतं. नकाराचं.

साठलं कसं नाही, असं गोदाने विचारलं, तेव्हा काजव्याने तिला पाटाचंच उदाहरण दिलं. पट्टारुंदी (एका क्षणात किती माहिती वाहू शकते त्याचं माप) म्हणजे पाटाची रुंदी. पाट म्हणजे तळं नव्हे. आज त्यात घागर बुडवली नाही, म्हणून उद्या पाणी दुप्पट येत नाही. कंपनी मोजत होती ते वाहिलेलं पाणी. महिनाभर वाहिलं शून्य, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम उघडलं तरी अरुंद पाटातून थेंबभरच. कंपनीच्या यंत्राने लिहिलं, इथे कुणाला तहान नाही.

मग शहरात तार कशी जाते? तिथे प्रकाशतंतू (केसाएवढी काचेची तार, तिच्यातून माहिती उजेड होऊन धावते) एक किलोमीटर पुरला, की हजार घरं जोडली जातात. इथे चौदा किलोमीटर कातळ फोडायचा, बावीस घरांसाठी. खोदाई तेवढीच, वाटेकरी मूठभर.

"आबांना नको सांगूस," गोदा म्हणाली.

गावानेही सांगितलं नव्हतं. पवारांची सून सकाळी ताक घेऊन आली, कंपनीच्या नावाने बोटं मोडून गेली, बाकी चकार शब्द नाही.

पण आबा शाळेच्या दारातच उभे होते. किती वेळ, कोण जाणे. ते आत येऊन बाकावर टेकले. काजवा घाईघाईने उपग्रहांबद्दल बोलू लागला, की तारेवाचून आभाळातून नेट उतरतं, दोन-तीन वर्षांत इथेही उतरेल.

"उतरू दे," आबा म्हणाले. मग गोदाकडे न बघता, सावकाश बोलले, "तार माझ्यापायी गेली, गोदे. शाळा आता उघडत नाही. तू आत्याकडे जा, आणि हे सगळं नीट शीक. पुढच्या गावातही माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याला वेळेवर सांगणारं कुणीतरी हवं."