घरात राहणाऱ्या व्यक्ती

बसा. खुर्ची एकच उरली आहे, ती तुम्ही घ्या, मी खिडकीत टेकतो. किल्ल्या तीन आहेत. मागच्या दाराची जरा वर उचलून फिरवावी लागते. उद्यापासून घर तुमचं, आणि घराचा विमाही तुमच्या नावावर सुरू होईल. म्हणून त्याआधी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. ऊन उतरायच्या आत संपेल.

मी जन्मभर औषधाच्या दुकानात काम केलं. डॉक्टरांचं अक्षर लावता लावता कुठलाही कागद मला सोपा वाटायला लागला. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असा माझा तोरा. रकाना रिकामा सोडायचा नाही, हा एकच नियम. रिकामा रकाना दिसला की समोरच्याला शंका येते. बायको चिडवायची, अहो, वर गेलात तरी आधी तिथला फॉर्म तपासाल आणि त्यात चूक काढाल.

आम्ही नव्या घरी गेलो तेव्हा हे विकलं गेलं असंच धरून चाललो होतो. मग तुमच्या कर्जाचे कागद बँकेत अडकले. तुम्हाला दोष देत नाही, ते काही तुमच्या हातात नव्हतं. पण विम्याची मुदत संपत आली होती, म्हणून एका सकाळी ती वाढवून घ्यायला कचेरीत गेलो. दहा मिनिटांचं काम. टेबलामागच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला आणि म्हणाल्या, सध्या घरात कोण राहतं ते लिहा.

कोणी राहत नव्हतं. पण खाली बारीक अक्षरात अट होती. घर सलग तीस दिवस रिकामं राहिलं की विमा संपला. विमा संपला की तुमची बँक मागे हटणार, व्यवहार मोडणार, आणि नव्या घरात तर आम्ही होतं नव्हतं ते घालून बसलेलो. माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला नुकती कुठे स्वतःची खोली मिळाली होती, दारावर तिने स्वतःच्या नावाची पाटी रंगवली होती. ते घर हातचं जाऊ देणं माझ्याच्याने झालं नाही.

मी लिहिलं, आत्या. वय बहात्तर. एकटी राहते.

माझ्या वडिलांना बहीण नव्हती. वर शेऱ्यात हेही लिहिलं की कमी ऐकू येतं. म्हणजे पाहणीला कोणी आलं आणि दार उघडलं नाही, तर कारण तयार. बाहेर पडून मी स्वतःच्याच हुशारीवर खूश होत चहा प्यालो.

आठवड्याने पाहणीच्या माणसाचा फोन आला. सगळं ठीक आहे म्हणाला, फक्त मागच्या खोलीतल्या दिव्याचं बटण ढिलं झालंय, तेवढं बदलून घ्या. मी विचारलं, तुम्ही आत कसे गेलात? तो हसला.

"आत्यांनी दार उघडलं की. मोठ्याने बोलून बोलून घसा बसला माझा. तुमची फार वाट बघतात हो त्या."

अशी माणसं घरी बसून अहवाल लिहितात हे मला ठाऊक होतं. तसंच असणार, अशी मी मनाची समजूत घातली. पण बटणाचं त्याला कसं कळलं? ते खरंच ढिलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आलो. बाहेर रस्त्यावर गाड्या, समोरच्या बाल्कनीत कोणीतरी गादी झटकत होतं. दार उघडलं आणि आधी वास आला. डोकेदुखीच्या बामाचा. दुकानात जन्म गेला माझा, तो वास ओळखायला मी चुकणार नाही. फरशी ओली होती, नुकतीच पुसल्यासारखी, आणि पाण्याची मुख्य तोटी तर मीच महिन्यापूर्वी बंद केली होती. मागच्या खोलीत धूळ तशीच होती. फक्त भिंतीलगत एक लांबट तुकडा स्वच्छ होता, एक माणूस कुशीवर झोपेल एवढा.

कोण आहे, असं मी विचारलं. काहीच नाही. बाहेरच्या गाड्यांचा आवाजही आत येत नव्हता. मग मला आठवलं की तिला कमी ऐकू येतं... तसं मीच लिहिलं होतं. म्हणून मी मोठ्याने विचारलं.

"आलास?" उघड्या दाराच्या मागून, अगदी जवळून. "तूच ठेवलंस ना रे मला इथे... एकटीला करमत नाही. घरी ने."

मी जिन्यावरून कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. थेट कचेरी गाठली. बाईंना म्हटलं, आत्याचं नाव काढा. त्यांनी दुसरा अर्ज दिला. नाव काढायला दोनच कारणं चालतात. मृत्यू झाला असेल तर दाखला लागतो, आणि जी कधी जगलीच नाही तिचा दाखला कुठून आणू? दुसरं कारण, दुसरीकडे राहायला गेली. त्याला पत्ता लागतो. पत्ता माहीत नाही म्हटल्यावर बाईंनी चष्मा काढला. बहात्तर वर्षांची, ऐकू न येणारी बाई कुठे गेली, हे भाच्याला माहीत नाही? रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मग त्यांनी विचारलं, आणि त्या गेल्यावर तिथे कोण राहणार? घर रिकामं तर ठेवता येणार नाही. मी म्हटलं, मी राहतो. त्यांना बरं वाटलं. म्हणजे आत्या आता तुमच्या बायकोकडे, असं म्हणत त्यांनीच पहिल्या अर्जावरून माझ्या नव्या घराचा पत्ता लिहिला.

इकडे आड, तिकडे विहीर. शाईच तर आहे, असं मनाला सांगितलं. माणसं काही शाईने इकडची तिकडे होत नाहीत. मी वाचलं आणि सही केली. चूक माझीच, तिथे कोणावर खापर फोडू?

त्या संध्याकाळी मी घरी जायला निघालो आणि इथे आलो. का, ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी परत निघालो. कोपऱ्यावर पोचलो की पाय थांबतात, आपण कुठे निघालो होतो तेच आठवत नाही, आणि मग इथेच परत यावंसं वाटतं. बायकोचा फोन यायचा. पहिल्या दिवशी चिडली, कधी येताय म्हणून. तिसऱ्या दिवशी नुसतं जेवलात का एवढंच विचारलं. त्यानंतर फोन आला नाही. इथे आता बामाचा वास येत नाही. भिंतीलगतच्या त्या तुकड्यावर मीच झोपतो, बाकी कुठे झोप लागत नाही.

काल मी फोन केला. मुलीने उचलला. तिचा आवाज ऐकला आणि रडूच आलं मला. म्हटलं, अगं, मी बाबा.

"बाबा जुन्या घरी राहतात," ती म्हणाली. पाहुण्यांना सांगावं तसं, नीट. "इथे आई, मी आणि आत्याआजी असतो."

"मी येऊ का गं तिकडे राहायला?"

मागून कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन आहे. तो आवाज माझ्या बायकोचा नव्हता. मुलगी ओरडून म्हणाली, कोणीतरी राहायला येऊ का विचारतंय. मग तिकडे हसणं ऐकू आलं. त्यात माझी मुलगीही हसत होती. फोन ठेवला गेला.

म्हणून तुम्हाला थांबवलं. उद्या तुम्हाला नव्या विम्याचा अर्ज भरावा लागेल. त्यात विचारतील, आधी इथे कोण राहत होतं आणि ते आता कुठे गेले. तिथे माझ्या घरचा पत्ता लिहा. मी सांगतो, तुम्ही उतरवून घ्या. माझी मुलगी तिकडे त्या आत्याजवळ आहे हो, मला तिथे पोचायला हवं. पेन आहे ना? लिहा. रस्त्याचं नाव सांगतो... ते आठवतंय मला. तिथून तिसरी इमारत. घराचा नंबर सकाळपर्यंत पाठ होता. तुम्ही एवढं लिहून घ्या, तोवर मुलीचं नाव आठवतो.