मागच्या सीटवरचे बाबा

वज्दीने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला फक्त माझे बूट दिसले.

मी एका चेपलेल्या जपानी गाडीत उलटी घुसले होते. डोकं डॅशबोर्डखाली, गालिचा उचकटलेला, दातांत टॉर्च. इंजिनाचा कॉम्प्युटर तिथेच असतो, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. तो काढायचा तर लाज गुंडाळून ठेवावी लागते.

"भाऊ, ह्या गाडीचा कॉम्प्युटर विकायचाय का?"

"भाऊ नाहीये," मी टॉर्च थुंकून म्हटलं.

बाहेर खणकन काहीतरी पडलं. वर आले तर समोर एक उंच मुलगा, हातात कुनाफा मिठाईचा ट्रे, ट्रेचं झाकण जमिनीवर, आणि कान लालभडक.

"माफ करा… म्हणजे… बूट जरा मोठे होते."

"आभारी आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं हो—"

अम्मानच्या बयादर भागातली सगळी गॅरेजं मला ओळखतात. अबू शादी भंगारवाल्यांची मयसून, मोडीतल्या गाड्यांचे कॉम्प्युटर टर्बोसाठी बदलून देणारी. हा मात्र नवीनच दिसत होता. घरचं मिठाईचं दुकान, आणि मिठाई पोचवायच्या गाडीलाच पठ्ठ्याने टर्बो बसवला होता. शुक्रवारी डोंगरचढीची शर्यत होती आणि त्यात त्याला उतरायचं होतं.

"टर्बो कुनाफा गरम पोचावा म्हणून लावला," तो म्हणाला. "पण चढावर जोर दिला की गाडी आचके देते."

"देणारच. तुझ्या कॉम्प्युटरला बाहेरच्या हवेइतकाच दाब माहितीये. टर्बोने त्याहून जास्त हवा कोंबली की त्याला वाटतं, सेन्सरच बिघडला. मग तो घाबरून हात आखडता घेतो."

"अगदी माझ्यासारखा आहे बिचारा. दाब आला की मला पण सुचत नाही."

"मग तुलाही एक चिप बसवू या."

"बसवा की…" तो माझ्याकडे बघत म्हणाला. "कुठे बसवाल?"

मी पडलेला स्क्रू शोधायला खाली वाकले. स्क्रू माझ्या हातातच होता.

कॉम्प्युटरचं काम मी मन लावून केलं. त्या बोर्डावर कारखान्यानेच काही रिकामी भोकं सोडलेली असतात. तिथे चिपचा सॉकेट बसवला, जास्त दाब वाचणारा सेन्सर जोडला. वज्दी रोज कुनाफा घेऊन "कुठवर आलं?" विचारायला यायचा आणि माझ्या सोल्डरच्या धुरात डोळे चोळत बसायचा. कॉम्प्युटर गाडीत बसला, तरी वज्दीच्या तक्रारी संपेनात.

"ही तार आपोआप सुटत नाही, वज्दी."

"वाऱ्याने सुटली असेल."

"बॉनेटच्या आत कुठला वारा?"

"टर्बोचा…"

मला हसू फुटलं. तो मला आवडला होता, सरळ सांगते. मीही ती तार मुद्दाम सावकाश जोडायला लागले होते.

पण खरं काम पुढेच होतं. किती दाबाला किती पेट्रोल द्यायचं, हे चिपला गाडी पळवूनच शिकवावं लागतं. तो चालवणार, मी शेजारी लॅपटॉप घेऊन आकडे भरणार.

"आणि मी मागे बसणार," बाबा म्हणाले. "फातिहा वाचून लग्न ठरलं असतं, तर दोघांना एकटं सोडलं असतं. तोवर मी मागे."

बाबांचं वजन भरपूर आहे. ते बसले आणि गाडी मागून खाली गेली. मांडीवर कुनाफाचा ट्रे घेऊन त्यांनी चढ सुरू व्हायची वाट पाहिली. टर्बो नुकता शीळ घालायला लागला आणि ते ओरडले, "हळू रे! हळू!"

"अम्मो, टर्बो हळू जायला नसतो," वज्दी रडकुंडीला येऊन बाबांना म्हणाला.

"मग लावलास कशाला?"

चार चढ झाले, चारही वेळा तेच. लॅपटॉपवरच्या जास्त दाबाच्या ओळी कोऱ्याच राहिल्या. अशी अर्धवट शिकलेली चिप घेऊन वज्दी शर्यतीत उतरला असता, तर इंजिन वितळलं असतं.

बुधवारी दुपारी वज्दी त्याच्या काकांना, हज्ज नौफलना घेऊन आमच्या घरी आला. दोघंही सुटात. आईने वेलदोड्याची कॉफी नेली आणि परत येऊन माझा दंडच धरला. "मयसून! वज्दीने कप न पिता खाली ठेवलाय!"

पाहुण्याने भरलेला कप खाली ठेवला की तो काहीतरी मागायला आलेला असतो, आणि यजमानाने 'घ्या' म्हटल्याशिवाय त्याला तोंड लावत नाही. लग्नाच्या मागण्या अशाच घातल्या जातात. मी नखांतलं काळं काढायला धावले. इतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

दाराआड उभी राहिले, तोवर हज्ज नौफल खाकरले. "अबू शादी, आम्ही एक मागणं घेऊन—"

"दिलं!" बाबा जवळजवळ उठून उभे राहिले. "कॉफी घ्या! मुलगी तुमची!"

आईने तोंडावर हात धरून लग्नघरचा उलूलू सुरू केला. वज्दीचं तोंड मात्र उघडंच राहिलं.

"मुलगी?" तो म्हणाला.

मी सरळ आत गेले. "वज्दी, तू काय मागायला आला होतास?"

"खरं सांगू?"

"खोटं बोलून बघ."

"मागची सीट…" त्याचा आवाज पार खाली गेला. "म्हणजे, अम्मोंनी तिथे बसू नये, एवढंच. काकांनी एकदा कप ठेवून कुंपणाचं भांडण मिटवलं होतं, म्हणून मला वाटलं…"

आईचा उलूलू मध्येच तुटला.

"माझ्या पोरीला नाही, माझ्या जागेला मागणी?" बाबा कडाडले.

दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण मला रडू येत होतं. "बाबा, तुम्ही नका जाऊ उद्या. मीही जाणार नाही. चिपला शिकवायला दुसरं कोणीतरी बघ म्हणावं."

वज्दीने कप उचलला. सगळे श्वास रोखून बघत राहिले. त्याने तो तसाच परत खाली ठेवला.

"अम्मो, मी मागणं बदलतो."

"असं बदलता येतं का रे?" हज्ज नौफल घाबरले.

"काका, मी घोटसुद्धा घेतलेला नाही अजून." मग तो बाबांकडे वळला. "शर्यत गेली खड्ड्यात. सीट तुमची. जन्मभर बसा, जन्मभर ओरडा. मला मयसून हवी. सीट मागितली, कारण… कारण हिला मागायची छातीच झाली नाही. ही नाही म्हणाली असती, तर मी उद्या कुठलं निमित्त काढून आलो असतो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "माझा होकार मघाशीच देऊन झालाय," ते पुटपुटले. "आता हिला विचार."

"आधीच मला विचारायला हवं होतं," मी नाक ओढत म्हटलं.

"हो… हवं होतं. आता विचारतो." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "मयसून… करशील लग्न माझ्याशी?"

"करीन," मी म्हटलं आणि थंडगार झालेला कप उचलून त्याच्या हातात दिला. "घे."

त्याचा हात इतका हलला की अर्धी कॉफी हज्ज नौफलच्या सुटावर गेली. उरलेली अर्धी तो एका घोटात प्यायला, आणि आईने मघाशी तोडलेला उलूलू पुरा केला.