चार नंबरवरची चाळीस मिनिटं

त्या दोघांची गाठ पडली ती एका मुरगळलेल्या पायामुळे. पाय होता प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंचा. त्या रजेवर गेल्या, म्हणून नव्या मुलीला बाटल्यांची पेटी घेऊन शहराच्या कचऱ्याच्या डोंगरावर जावं लागलं. नाकाला रुमाल लावून ती गाडीतून उतरली, तर समोर गमबूट घातलेला पंपवाला.

"दहा मिनिटांत सवय होते, मॅडम," तो रुमालाकडे बघत म्हणाला. "नाहीच झाली तर... दहा वर्षांत होतेच."

ती हसली नाही. हसायचं नाही, असं ठरवूनच आली होती.

डोंगरातून पाऊस झिरपायचा आणि कोऱ्या चहासारखं काळं पाणी होऊन पायथ्याच्या तळ्यात उतरायचा. पंप लावून ते तळं काठोकाठ भरू न देणं हे त्याचं काम. ते पाणी जमिनीत मुरून खालच्या वस्तीच्या विहिरींना तर लागत नाही ना, हे बघणं तिचं. त्यासाठी उतारावर चार बोअर मारलेल्या होत्या. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी खरं सांगत नाही. आधी ते उपसून टाकायचं आणि पाणी तपासायच्या मीटरचा आकडा स्थिरावला की ताज्या पाण्याची बाटली भरायची. चार नंबरची बोअर सर्वांत खोल. तो दोरीला बांधलेली हातभर नळी आत सोडून, पाण्याने भरली की वर ओढायचा, ती आकडे लिहायची. चाळीस मिनिटं मोडायची.

मोठ्या बाईंचा पाय कधीच बरा झाला, पण दर पंधरवड्याची ती पाळी हिने काही परत केली नाही. लोक बागेत जातात गं, असं मैत्रिणी चिडवत. ती कानाआड करी. चार नंबरवर तो आईबद्दल सांगायचा. ती माउली त्याचे कपडे गच्चीच्या पार टोकाला वाळत घालते म्हणे. ही वडिलांच्या बुद्धिबळाबद्दल सांगायची. बोलता बोलता एखादा आकडा लिहायचा राहिला, की तोच हळूच आठवण करून द्यायचा.

अशी दोन वर्षं गेली. मग तिची बदली झाली, दिवसभराच्या प्रवासावर. शेवटच्या फेरीची तारीख तिने त्याला आधीच कळवली होती. आज बोलला तर बोलला, नाहीतर आपण बोलायचं, अशी मनाची तयारी करून ती गाडीतून उतरली. हातात होती ती फक्त चाळीस मिनिटं.

तर तो म्हणाला, "चार नंबर सकाळीच उपसून ठेवली, मॅडम. म्हटलं, शेवटच्या दिवशी उन्हात कशाला उभं राहायचं. पाच मिनिटांत मोकळ्या व्हाल."

इतकं प्रेमाने कुणी कुणाच्या पायावर धोंडा मारला नसेल.

"माझ्यासमोर उपसायचं असतं," ती करड्या आवाजात म्हणाली. "नियम आहे. परत उपसा."

तो मुकाट्याने दोरी सोडू लागला. नळी वर येत होती, रिकामी होत होती. दोन वर्षांत चार नंबरवर एवढी शांतता कधी नव्हती. आकडा स्थिरावला... मीटर तिने स्वतःकडे वळवून धरला.

"झालं?"

"अजून नाही."

त्याने आणखी तीनदा नळी ओढली. मग दोरी हातात तशीच धरून थांबला.

"मॅडम, सत्तावीस नळ्यांत होतं. मला पाठ आहे. आज एकतीस झाल्या."

"माहीत आहे मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या — त्याच्याही.

"मग... अजून उपसू, की विचारू?"

"विचारा."

"आईला घेऊन तुमच्याकडे येऊ का? बदलीच्या गावीही कचरा असेलच. पंप चालवणारा लागेलच कुणीतरी." तो क्षणभर घुटमळला. "तुमची हरकत नसेल तर."

ती बाटलीत बघत म्हणाली, "रविवारी या. बाबा घरी असतात. त्यांच्याशी एक डाव खेळावा लागेल. आणि हरावा लागेल."

"हरायला येतं मला."

बाटली भरली, झाकण घट्ट बसलं. तिने त्यावर नाव, जागा, वेळ, तारीख लिहिली आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायला त्याच्याकडे दिली. तो ती हातात घेऊन बराच वेळ वाचत राहिला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ही तारीख रविवारची आहे."