मायची मुलाकात

धीरजसोबतची मोबाइलवरची व्हिडिओ मुलाकात मायनंच माह्याकून ठरवून घेतली होती. धीरज म्हन्जे माहा लहान भाऊ. विहिरीच्या मोटरीवरून भांडन झालं, त्याच्या हातून एकाचं डोकं फुटलं, तवापासून तो वाशीमच्या जेलात हाये. मायले त्याचं तोंड पाहाचं होतं. पन मुलाकातीच्या आधीच, बाजारासाठी सांबाराच्या, म्हन्जे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता ती जी आडवी झाली, ते उठलीच नाई.

मी म्हन्लं, जेलात फोन करू. बाबा अडून बसले.

“त्याले सांगाचं नाई, राधिका. पोरगं तिथं एकटं हाये. त्यानं जिवाचं काही करून घेतलं तं?”

“बाबा, पोटच्या पोराले मायचं मरन दुसऱ्याच्या तोंडून कळलं, तं तो तुमाले माफ करन काय?”

“मी जित्ता हाये तोवर नाई सांगाचं!”

म्हातारा लय हट्टी. पन मी बी त्याचीच पोरगी. मनात म्हन्लं, मुलाकातीत काही झालं तरी सांगाचंच.

आज मुलाकातीचा दिवस. सकाळी राख सावडून आलो. दुपारी पाहुने आंघोळीले मळ्यात गेले. लाइन गेली होती. मधल्या घरात भरदिवसा अंधार, कापराचा वास, आन कोपऱ्यात पिवळ्या पडलेल्या सांबाराचा कुजका वास. कोनाले सुचतं बाजाराचं? मी मोबाइल धरून बसली. माह्यावर पाहारा ठेवाले बाबा मांगच्या खाटेवर बसले.

धीरज दिसला. बाप्पा, किती वाळला होता तो!

“ताई, बरी हाये ना? माय कुठं हाये?”

मी तोंड उघडलं. मांगून बाबा खाकरले. माहा धीरच गेला.

“हाये… घरातच.”

“हाव, दिसली. तिले उभं काहून ठेवलं? बस म्हना ना.”

मी झटकन वळून पाह्यलं. खाटेवर बाबा, मान खाली घातलेले. दुसरं कोनीच नाई.

“ताई, मायनं हिरवं लुगडं काहून नेसलं? आन कपाळभर कुकू… कोनाचं लगन हाये काय घरी?”

सवाशीन गेली म्हनून मीच तिले हिरवं लुगडं नेसवलं होतं. मीच कपाळ भरलं होतं, ह्या हातानं. तिकडं धीरजचं हसू हळूहळू मावळलं. लगनात कोनी बाई कपाळ असं भरत नाई, हे त्याले बी समजलं.

“ताई… मायले कवा नेलं?”

“परवा… धीरज, रडू नको रे, माह्या राजा…”

तो वरडला नाई. माह्या खांद्यामांगं पाहात राह्यला. मंग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

“ती बी तेच म्हनून राह्यली. रडू नको म्हन्ते. बाबाले सांग, मी काही करून घेनार नाई. मायची आन.”

माहा जीव भांड्यात पडला. त्या लेकराले मिठीत घ्याले हात शिवशिवत होते, पन मधात तो काचेचा तुकडा. काय करता?

तेवढ्यात त्याची नजर बाजूले सरकली.

“ताई… ती खाटेकडे चालली.”

“कोन?”

“तिनं बाबाचा हात धरला… ताई, त्यायले जाऊ देऊ नको… बाबा! बाबा—”

वेळ संपली. मोबाइल काळा झाला.

मांगं खाट करकरली. बाबा उठून उभे होते, एक हात समोर धरून. माय गेल्यापासून त्यायच्या तोंडावर असा निवांतपना मी पाह्यला नव्हता.

“थांब वं,” ते हळूच म्हन्ले, “चपला तं घालू दे.”

मी धावत जाऊन दारातल्या चपला उचलल्या आन पोटाशी घट्ट धरल्या.

आता पुढची मुलाकात कवा मिळन, देव जाने. तिकडं धीरज जीव मुठीत धरून बसला असन, बाबा हायेत का गेले. त्याले मी कसं कळवू? आन कळवू तं काय कळवू? बाबा अजून माह्यापुढं हात पसरून उभे हायेत.

“दे वं पोरी चपला,” म्हनून राह्यले, “तुही माय कवाची उन्हात उभी हाये.”