मोराच्या मुठीचा चाकू

"हा पाह्य, हा! सात हत्यारं आहेत याच्यात!" उमेंद्रने चाकू उंच धरला. हिरवीगार चकचकीत मूठ, तिच्यावर सोनेरी मोर, आणि मोराच्या डोळ्यात चक्क एक इवलासा दिवा!

"वॉव यार! एकदम मस्त!" योगेश्वरी म्हणाली.

मंडईत चाकूवाल्याच्या चादरीसमोर तिघं उकिडवी बसली होती. सातवीतला उमेंद्र, त्याच्याहून एका वर्षाने मोठी बहीण गुंजन, आणि दिवाळीच्या सुट्टीत फुलचूरहून आलेली त्यांची आतेबहीण योगेश्वरी. दिवाळी झाली की या भागात गावोगावी मंडई भरते, जत्राच ती. ज्या गावात मंडई, त्या गावात घरोघर पाहुणे. त्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांना स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ! आभाळ मात्र सकाळपासून काळवंडलं होतं आणि पाळण्यात बसणाऱ्यांच्याही तोंडावर हसू नव्हतं.

गुंजनच्या हातात एक साधा चाकू होता. सागाची मूठ, एकच पातं, पात्याच्या बुडाशी एक लोखंडी कडं. तिने पातं उघडलं, मिटलं, परत उघडलं. कडं फिरवून पातं मागे रेटून पाहिलं. ते हललं नाही. मग चाकूवाल्याकडून सुतळीचा तुकडा मागून घेतला. एका ओढीत सुतळी तुटली.

"मी हा घेते."

"हा? कांदे चिरतेस का याने?" उमेंद्र खो खो हसला. "मंडईत येऊन म्हातारीवानी वस्तू घेऊन राहिली!"

"पोळ्याच्या वक्ती गोऱ्ह्याच्या गळ्याले दावं आवळलं होतं, तवा तुझा मोर नाचाले येणार होता का? आधी तुझ्यानं सुतळी तं कापून पाह्य!"

उमेंद्रने कापून पाहिली. सुतळी चेमटली, पिंजली, पण तुटली नाही.

"नवा आहे ना! हळूहळू धार येईन," तो म्हणाला. वापरून धार जाते, येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हौसेला मोल नसतं, आणि मोर तर फारच सुंदर होता. त्याने मोरच घेतला.

घरी येताना तिघं बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या, पाळीवरून आली. गावच्या या बोडीत सारसांची जोडी होती. माणसाच्या उंचीचे ते राखाडी पक्षी, लाल डोकी, आणि साऱ्या शिवारात घुमणारी हाक. पावसाळ्यात त्यांनी बोडीलगतच्या धानात घरटं केलं, तेव्हा उमेंद्रने शाळा सुटली की रोज पाळीवर बसून कुत्री हाकलली होती. एक पिल्लू जगलं होतं. तपकिरी डोक्याचं, लांब टांगांचं. त्याला अजून उडता येत नव्हतं. नर हाक घालायचा, त्याच्या पाठोपाठ मादी, आणि त्यांचं संपलं की पिल्लू बारीकशी शीळ घालायचं. ती शीळ ऐकल्याशिवाय उमेंद्र जेवायला बसत नसे.

आज नर एकटाच पाळीवर उभा होता. त्याने मान वर करून हाक दिली. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा हाक दिली.

"मादी कुठी आहे?" उमेंद्र थबकला. "अन् पिल्लू? शीळ काऊन नाही आली?"

"चरून राहिले असतील पलीकडे," योगेश्वरी म्हणाली.

"नाही व. ते एकमेकाले सोडतच नाहीत!" पलीकडच्या काठाला बेशरमाची दाट झाडी होती, तिच्याआडचं काही दिसत नव्हतं.

तिघं धावत घरी आली. अंगणात पाहुण्यांची पंगत बसली होती. लखनलाल काका बादली घेऊन रस्सा वाढत होते.

"काकाजी, सारसाची मादी दिसून नाही राहिली! पिल्लूही नाही!"

"अरे, कोल्ह्यानं नेलं असन," काका हात न थांबवता म्हणाले. "कोल्ह्याच्या पोटाची तुले काय फिकर! पाहुण्याइले पाणी दे आधी. अन् बोडीकडं जाचं नाही, चिखल आहे."

एवढ्या सहज! चार महिने राखलेलं पिल्लू, आणि काकांनी ते एका वाक्यात कोल्ह्याला देऊन टाकलं!

गुंजनने मात्र त्याला डोळ्यानेच गप्प केलं आणि मोठ्याने म्हणाली, "काकाजी, दुसऱ्या पंगतीले पत्रावळी कमी पडतीन. आम्ही पळसाची पानं घेऊन येतो ना!"

"शाब्बास! जा जा, लौकर या!"

पळस नेमके बोडीच्या पलीकडच्या काठाला होते. काकांच्या ते ध्यानातच आलं नाही. पंगत वाढणाऱ्या माणसाला कुठे काय उगवतं हे कुठलं आठवणार!

झाडीला वळसा घालताच योगेश्वरी म्हणाली, "ए, पाण्यात ते लाल लाल काय आहे?"

पाण्यावर लाल रबराचे गोल तुकडे एका रांगेत तरंगत होते. गुंजनने काठीने एक ओढला. त्याच्यामागून बारीक नायलॉनचं जाळं वर आलं, आणि त्याच क्षणी झाडीत काहीतरी जोरात फडफडलं.

मादी होती! अर्धी पाण्यात पडलेली. एक पंख आणि दोन्ही पाय जाळ्यात. आणि तिच्यापुढे, खोल पाण्याकडे, पिल्लू. त्याच्या मानेला जाळ्याचा फास बसला होता. चोच तेवढी पाण्यावर होती. मादी धडपडली की सगळं जाळं ताणलं जाई आणि पिल्लाची चोच पाण्याखाली जाई. ती थकून थांबली की चोच पुन्हा वर येई.

"बोडीत जाळं?" उमेंद्रला विश्वास बसेना. पिल्लू उडेपर्यंत कोणी बोडीत जाळं टाकायचं नाही, असं ग्रामसभेत ठरलं होतं. सगळ्या गावाने हात वर केले होते!

योगेश्वरीने पाळीवर चढून वनविभागाला फोन लावला. "ते निघालेत! पण गोंदियावरून येणार, वेळ लागेल म्हणतात. पक्ष्याच्या जवळ जाऊ नका म्हणे, चोच मारतो!"

"तोपर्यंत पिल्लू बुडन!" उमेंद्र पाण्यात उतरलासुद्धा.

"थांब! मी मादीले धरते, तिचं धडपडणं थांबलं पायजे," गुंजन ओढणी सोडत म्हणाली. "तू पिल्लाचा फास काप. योगेश्वरी, काठी घेऊन तिथंच राह्य, नर आला तं ओरड!"

पाणी कमरेपर्यंत आणि गारठलेलं. गुंजनने मागून जाऊन मादीच्या डोक्यावर ओढणी टाकली. डोळे झाकले गेले तसं ते एवढं मोठं पाखरू थरथरत गप्प पडलं. गुंजनने एका हाताने तिला कवटाळलं, दुसऱ्या हाताने आणि दातांनी चाकू उघडला, कडं फिरवलं आणि पायाजवळचे धागे कापायला लागली.

उमेंद्र पिल्लापाशी पोचला. त्याने मोराचा चाकू काढला. ओल्या नखाने पातं उघडेना. पहिल्यांदा कात्री निघाली, चिमणीच्या चोचीएवढी. मग बाटलीचं बूच काढायचा आकडा निघाला. मग मोराच्या डोळ्यातला दिवा लागला आणि विझेनाच!

"अरे, उघड ना!" तो रडकुंडीला आला.

एकदाचं पातं निघालं. त्याने ते फासात घातलं आणि ओढलं. नायलॉन नुसतं सरकलं. त्याने जोर केला. गुळगुळीत मूठ हातात फिरली, पातं खटकन मागे मिटलं आणि त्याच्याच बोटात रुतलं. पाणी लाल झालं.

"गुंजन! तुझा चाकू! लौकर!"

"आली! एकच पाय राहिला!"

उमेंद्रने चाकू टाकून दिला आणि हातांनी पिल्लाची चोच पाण्यावर धरली. पिल्लू त्याच्याकडे बघत होतं. रोज पाळीवरून बघायचं तसंच. फास मात्र मानेत आणखी रुतत होता आणि त्याची बोटं आत शिरत नव्हती. पिल्लाने चोच उघडली, शीळ घालायची असेल, पण आवाज निघाला नाही.

मादी सुटली. धडपडत काठावर गेली आणि लंगडत पाळीवरच्या नराकडे निघाली. गुंजन पाणी तुडवत आली आणि तिने एका ओढीत फास कापला.

पिल्लाची मान उमेंद्रच्या हातावर लोळली.

योगेश्वरी काठी टाकून खाली बसली. उमेंद्र पिल्लू उराशी धरून पाण्यातच उभा राहिला. मोराचा डोळा तळाशी चिखलात अजून मिचमिचत होता.

गुंजनने हळूच त्याच्या खांद्याला हात लावला. "चाल. तुझं बोट बांधू दे."

"हासलो होतो मी तुले," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.

तिघं अंगणात आली तेव्हा दुसरी पंगत पानांची वाट पाहत होती. उमेंद्रने बोडीतून ओढून काढलेलं जाळं अंगणाच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर पिल्लू. पाहुण्यांत सरपंच सुमित्राबाईही होत्या. त्या ताडकन उठल्या. "बोडीत जाळं? कोणं टाकलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. लखनलाल काकांच्या हातातली बादली खाली टेकली. "असन दुसऱ्या गावच्या कोणाचं," ते पुटपुटले. "मंडईच्या गर्दीत काय समजते!"

गुंजन जाळ्याकडे बघत होती. लाल रबर, एका बाजूला पांढरी नक्षी. ही नक्षी तिने कुठे पाहिली होती? ती गोठ्यात गेली. कोपऱ्यातल्या अडगळीतून तिने एक जुनी लाल चप्पल आणली. तिच्यात गोल गोल भोकं पडली होती. तिने जाळ्यावरचा एक तुकडा तोडून एका भोकात बसवला. नक्षीला नक्षी जुळली!

"काकाजी, ही चप्पल तं तुमची आहे ना?"

काकांनी डोक्याचा गमछा काढला.

"काल टाकलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मंडईच्या पाहुण्याइले मासोळ्या कराव्या म्हणून. रातभर राहीन, सकाळी काढून घेईन, असं वाटलं होतं. पण सकाळी पाहुणे लवकरच आले, बोकड कापला, अन् जाळं ध्यानातूनच गेलं. उमेंद्र, मले खरंच आठवण नव्हती बेटा!"

"हात वर करताना पहिला हात तुमचा होता, लखनलालजी," सुमित्राबाई म्हणाल्या. एवढंच. पण पंगतीतल्या एकालाही मग भूक उरली नाही.

वनविभागाची माणसं आली. त्यांनी दुर्बिणीतून मादी पाहिली, लंगडत होती पण पंख धड होते. "ही पोरं नसती, तर जोडी फुटली असती," त्यांचा साहेब म्हणाला. "जोडी फुटली की सारस खंगतो. शाब्बास रे पोरांनो! पण पुन्हा असं पाण्यात उतरू नका!" सुमित्राबाईंनी तिथेच तिघांच्या पाठीवर हात ठेवला आणि ग्रामसभेत तिघांना शाल-नारळ देऊ असं सांगितलं. उमेंद्रने मान हलवली. त्या साऱ्या कौतुकातलं एक अक्षरही त्याला गोड लागलं नाही.

काकांना गोंदियाला बोलावणं आलं. ते गेले, जबाब देऊन, दंड भरून, खाली मान घालून परत आले. येताना वाटेत कुठल्याशा गावची मंडई होती. त्यांनी खिशातून एक पुडी काढली आणि उमेंद्रपुढे धरली.

आत चाकू होता. साधा. सागाच्या मुठीचा.

उमेंद्रने आभार मानले नाहीत. आधी पातं उघडलं. मिटलं. कडं फिरवून मागे रेटून पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं.

"काय पायजे?" काकांनी विचारलं.

"कापून पाहाले काहीतरी."

काका गोठ्यात गेले आणि घरातली उरलेली सगळी जुनी जाळी घेऊन आले. दोघं ओट्यावर बसले. काका जाळं ताणून धरत होते, उमेंद्र कापत होता. गुंजन आणि योगेश्वरी तुकडे पोत्यात भरत होत्या. पातं एकदाही मिटलं नाही.

दिवस मावळायला आला तसा बोडीवरून नर ओरडला. पाठोपाठ मादी. दोघांची हाक साऱ्या शिवारात घुमली आणि थांबली. उमेंद्रचा हात थांबला. तो कान देऊन तसाच बसून राहिला. मग काकांनीच जाळ्याचं दुसरं टोक त्याच्यापुढे सरकवलं आणि तो पुन्हा कापायला लागला.